लॅपटॉप तापतोय? आधी मोजा, मग झाडा, मग कंपनीला लिहा

'लॅपटॉप खूप तापतो' एवढंच लिहून कंपनीकडे तक्रार टाकलीत, तर उत्तर जवळपास ठरलेलं आहे : 'आपल्या उपकरणाचं तापमान निर्धारित मर्यादेत आहे.' डोकं फिरवणारी गोष्ट ही, की बहुतेक वेळा ते खरंही असतं. आजचे लॅपटॉपचे प्रोसेसर कमाल तापमानाच्या अगदी काठापर्यंत जाऊन काम करावं, अशाच बेताने बनवलेले असतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, काहींची १०५. एएमडीच्या लॅपटॉप प्रोसेसरांची साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान. त्यामुळे 'माझा ९६ अंशांवर जातो' हे ऐकून समोरचा माणूस जागचा हलत नाही. त्याच्या तक्त्यात ९६ म्हणजे नापास नाहीच.

म्हणून तक्रार तापमानाची करायची नसते, त्या तापमानामुळे काय बिघडतंय त्याची करायची असते. वेग किती पडतो, मशीन अचानक बंद होतं का, काहीच काम चालू नसताना पंखा का ओरडतो, या गोष्टी दाखवता येतात आणि नाकारायला अवघड जातात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने जातात. वाटेत निम्म्या लोकांचा प्रश्न घरच्या घरीच सुटेल आणि कंपनीची पायरी चढायची वेळ येणार नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा.

आधी धोका आहे का ते बघा

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि बाजूने, डोळ्यांच्या रेषेत बघा. टचपॅड वर आलाय का? झाकण नीट मिटत नाही का? चारही पाय टेबलाला टेकलेत की मशीन डुगडुगतंय? यांपैकी काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग पुढची एकही पायरी करू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा, फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि मशीन थेट सर्व्हिस सेंटरला न्या. जळका किंवा गोडसर रासायनिक वास येत असेल, किंवा चार्जरची पिन हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तरीही हेच.

याच वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून तुमच्या मॉडेलचा रिकॉल निघालाय का तेही तपासा. रिकॉल म्हणजे दुर्मीळ प्रकार, असं समजू नका. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. जून २०१९ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या मागे घेतल्या. मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकली गेलेली ती मशीन होती. रिकॉलमध्ये वॉरंटी संपलेली असली तरी सहसा अडत नाही, त्यामुळे जुनं मशीन असेल तरी हे बघून घ्याच.

मशीन नवंकोरं असेल तर आणखी एक. विकत घेतल्यानंतर परत करण्याची जी मुदत असते, ती कधी संपते ते बिलावर बघा आणि समोर लिहून ठेवा. मुदतीत असाल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, सरळ परत करा किंवा बदलून घ्या. 'पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा येईल, थोडी वाट पाहा' असं सपोर्टवाले म्हणतात. अपडेट येईल तेव्हा येईल, मुदत मात्र ठरल्या दिवशीच जाते. अपवाद एवढाच, की नव्या मशीनचे पहिले एक-दोन दिवस खऱ्या अर्थाने तापाचे असतात. मागे अपडेट उतरत असतात, फाइलींची सूची बनत असते, क्लाउडमधले फोटो खाली येत असतात. तेवढं संपू द्या आणि मग पुढची मोजणी करा.

काही न करता तापतो का?

मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं काहीही न उघडता राहू द्या. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करून वरचे चार-पाच प्रोग्रॅम बघा. रिकाम्या मशीनवर एकूण वापर काही टक्क्यांच्या पुढे जायला नको. सतत तीस-चाळीस टक्के दिसत असेल, तर दोष पंख्याचा नाही, तिथे नाव दिसतंय त्या प्रोग्रॅमचा. नेहमीचे संशयित : अँटिव्हायरसचं स्कॅनिंग (दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर विचारूच नका), क्लाउड सिंक, ब्राउझरची एखादी अडकलेली टॅब, आणि कंपनीने स्वतःच आधीपासून भरून दिलेली ती 'मदतनीस' सॉफ्टवेअरं.

मॅकवाल्यांना इथे एक फसवं नाव दिसतं : 'कर्नल टास्क'. ते भरपूर सीपीयू खाताना दिसतं आणि लोक त्यालाच खलनायक ठरवतात. प्रत्यक्षात मशीन तापलं की ही प्रक्रिया मुद्दाम सीपीयू अडवून धरते, म्हणजे बाकीच्यांना तो कमी मिळतो आणि उष्णता खाली येते. ताप दुसरीकडे कुठेतरी असतो.

ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेल्या मशीनवर टास्क मॅनेजरमधला जीपीयूचा रकानाही बघा. बाहेरचा मॉनिटर लावला की पंखा सुरू होतो आणि काढला की थांबतो, अशी अनेकांची तक्रार असते. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं. मॉनिटर लावला की ती चिप झोपूच शकत नाही. यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्ले देता येत असेल तर तो मार्ग करून बघा. काही मॉडेलांत ते पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं आणि प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

आणि बॅगेतून काढला तेव्हा भाजत होता, असं असेल तर तो वेगळाच आजार. अलीकडच्या विंडोज लॅपटॉपांची झोप फोनसारखी असते. पडदा बंद दिसतो, पण आत अधूनमधून जाग चालू राहते. बंद बॅगेत ती उष्णता जाणार कुठे? बॅगेत टाकण्यापूर्वी स्लीप नको, हायबरनेट किंवा पूर्ण शटडाउन. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, अशी सोय पॉवरच्या सेटिंगमध्ये करून ठेवता येते.

आता भार टाकून मोजा

ही पायरी टाळू नका. पुढे कंपनीशी जे काही बोलायचंय त्याचा सगळा दारूगोळा इथेच तयार होतो.

विंडोजसाठी 'एचडब्ल्यूइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. एक लांबलचक यादी उघडेल. घाबरू नका, त्यातल्या चार ओळी पुरेत : प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसर किती वॉट खातोय, प्रोसेसरच्या गाभ्यांचा (कोअरचा) वेग किती गिगाहर्ट्झ आहे, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापमुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करणं) पुढे हो आहे की नाही. प्रत्येक ओळीला आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे रकाने असतात. खाली नोंदवही सुरू करण्याचं बटण आहे. ते दाबलं की सगळे आकडे फाइलीत उतरत राहतात. लिनक्सवर 'एलएम-सेन्सर्स'मधून तापमान कळतं.

भार टाकण्यासाठी, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपण्यासाठी, 'सिनेबेंच' हा चाचणीचा प्रोग्रॅम वापरा. त्याची आर-२३ ही आवृत्ती मुळातच दहा मिनिटं सलग चालते, म्हणून या कामाला सोयीची. मशीन चार्जरवर, कडक सपाट टेबलावर, बाकी सगळं बंद, पॉवर मोड कंपनीने दिला तोच. खोलीचं तापमान लिहून ठेवा. हे सर्वांत जास्त विसरलं जातं आणि सपोर्टवाले नेमकं तेच विचारतात. खोली दहा अंशांनी गरम असेल तर तितक्याच पंख्याला आणि तितक्याच भाराला आतला आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. ॲपल मॅकबुकसाठी वापराच्या जागेचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. तुमच्या कंपनीचा आकडा माहितीपत्रिकेत असतो, तो बघून घ्या.

आता दहा मिनिटांच्या नोंदी वाचा. पहिल्या काही सेकंदांत तापमान ९५ च्या वर उडी मारतं, वेग खूप जास्त दिसतो आणि मग दोन्ही खाली येऊन स्थिरावतात. हे नॉर्मल आहे. प्रोसेसर थोडा वेळ ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढून धाव घेतो आणि मग दमाने चालतो. बघायचं ते नंतरचं. स्थिरावल्यावर वेग किती आहे? तो आकडा प्रोसेसरच्या अधिकृत बेस क्लॉकशी, म्हणजे निर्मात्याने जाहीर केलेल्या मूळ वेगाशी, ताडून बघा. फक्त प्रोसेसरवर भार असताना, कंपनीच्याच सेटिंगवर, वेग बेस क्लॉकच्याही खाली घसरत असेल आणि त्याच वेळी थ्रॉटलिंगपुढे 'हो' दिसत असेल, तर तुमच्या हातात खरी तक्रार आहे.

नोंदींचे नमुने पाहिले की रोगही बराचसा ओळखू येतो.

भार टाकताक्षणी तापमान वर आदळतं आणि भार काढताक्षणी धपकन खाली येतं. वीज मात्र जेमतेम पंधरा-वीस वॉट, पंखा पूर्ण वेगात. मोठं मशीन इतक्या थोड्या विजेला इतकं तापत असेल, तर चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामधला संपर्क बिघडलाय. या दोहोंमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट सुकली, बाजूला सरकली किंवा मुळात नीट लागलीच नव्हती. एखादाच गाभा इतरांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त गरम दिसत असेल तर हा संशय आणखी पक्का.

तापमान काही मिनिटं हळूहळू चढत राहतं आणि भार थांबला तरी उतरायला फार वेळ घेतं. उष्णता पट्टीपर्यंत पोचतेय, पण बाहेर पडत नाहीये. धूळ, बंद झालेली जाळी किंवा थकलेला पंखा.

तापमान साठ-सत्तरच्या आत, तरीही वेग अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झवर अडकून पडलेला. हा बऱ्याचदा उष्णतेचा प्रश्नच नसतो. चार्जर कमी वॉटचा आहे, मशीन त्याला ओळखत नाही किंवा एखादा सेन्सर खोटी हाकाटी करतोय. कंपनीचाच मूळ चार्जर लावून बघा. लोक यासाठी पेस्ट बदलत बसतात आणि काहीही फरक पडत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही डोकवा. सिस्टिमच्या नोंदींत 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद असेल, तर फर्मवेअरने (मशीनच्या आतच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) प्रोसेसरचा वेग रोखून धरला होता असा तिचा अर्थ; किती सेकंद ते तिच्यातच लिहिलेलं असतं. मशीन अचानक बंद पडत असेल तर 'कर्नल-पॉवर' ४१ शोधा. ती कारण सांगत नाही, पण रीतसर शटडाउन न होता मशीन बंद झालं याची तारीख-वेळेसह साक्ष देते. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

झाडपूस

आधी फुकटचा उपाय. लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचला. एखादं जाडसर पुस्तक चालतं, फक्त जाळी झाकू नका. हवा खालून आत ओढणाऱ्या मशीनमध्ये एवढ्यानेही काही अंशांचा फरक पडतो. गादी, उशी, मांडी हे तिन्ही बंद. मांडीचं तर आणखी एक कारण आहे : रोज तासन्‌तास गरम लॅपटॉप मांडीवर ठेवणाऱ्यांच्या त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग उमटल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. पंख्यांचं कुलिंग पॅड घ्यावं का? मशीनच्या तळाला हवेची जाळी असेल तर थोडा उपयोग होतो. तळ सलग बंद असेल तर ते फक्त टेबलावरचा आवाज वाढवतं.

मग धूळ. मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला. दाबलेल्या हवेच्या डब्याने, बाहेर हवा पडते त्या जाळीतून आत छोटे छोटे फवारे मारा, डबा उभाच धरा. पंख्याची पाती टूथपिकने किंवा लाकडी काडीने अडवून ठेवा. हवेच्या जोरावर पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं. व्हॅक्युम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

बाहेरून फुंकून भागतंच असं मात्र नाही. मागचं झाकण उघडल्यावर दिसतं ते असं : पंखा वरवर स्वच्छ असतो, पात्यांवर करडी पूड तेवढी. पण पंखा हवा ढकलतो त्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पाकळ्यांच्या अगदी अलीकडे, केस आणि कपड्यांच्या धाग्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला असतो. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा थर एका तुकड्यात निघतो. बाहेरून मारलेली हवा त्याला मागे पंख्याकडे ढकलते, बाहेर काढत नाही. दोन-तीन वर्षं वापरलेल्या मशीनचा 'अचानक तापायला लागलाय' हा आजार बहुतेकदा एवढाच असतो.

झाकण उघडायचं की नाही, हे वॉरंटीच्या अटी वाचून ठरवा. बऱ्याच कंपन्या सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच संकेतस्थळावर ठेवतात आणि झाकण उघडून साफसफाई करायला हरकत घेत नाहीत. काही घेतात. स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली, अशी धमकी सर्वत्र कायद्याने टिकतेच असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये अशाच प्रकारच्या अटींवरून सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. तरीही माझं मत विचाराल तर वॉरंटी चालू असताना हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या. कायदा तुमच्या बाजूने असला तरी तो वापरून दाखवण्यात जाणारा वेळ तुमचाच.

उघडलंच, तर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला की तो बोर्डात घुसतो.

पेस्ट बदलणं हे त्यापुढचं काम, आणि नवख्याने ते वॉरंटी संपल्याशिवाय करू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसायची, पट्टीवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळायचे, एवढं जमलं तर ते अवघड नाही. मात्र आजूबाजूच्या मऊ थर्मल पॅडना हात लावू नका. त्यांची जाडी मोजूनमापून ठरवलेली असते. जाड पॅड बसवला तर पट्टी उचलली जाते आणि चिपवरचा संपर्कच तुटतो. काही मॉडेलांत कारखान्यातूनच पेस्टऐवजी द्रव धातू येतो. उघडल्यावर पाऱ्यासारखं चकाकणारं काही दिसलं तर झाकण परत लावा. ते वीजवाहक असतं, एक थेंब बोर्डावर पडला तर मशीन संपलं. शिवाय त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

सेटिंगमधून उतरवा

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो (बेस क्लॉकच्या वर धाव घेण्याची सोय) बंद होतो. एका टक्क्याने एवढं काय होणार असं वाटतं, पण तापमान लक्षणीय उतरतं, पंखा गप्प होतो, आणि लिहिणं-वाचणं-व्हिडिओ कॉल असल्या कामांत वेगातला फरक कळतही नाही. काही नव्या मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे सायलेंट किंवा बॅटरी वाचवणारा मोड साधारण तेच काम करतो. खेळ खेळणाऱ्यांनी फ्रेम रेट ६० वर बांधून घ्यावा. ज्या फ्रेम पडद्याला दाखवताच येत नाहीत त्या बनवण्यात ग्राफिक्स कार्ड उगाच तापत असतं.

प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याचा सल्ला जुन्या लेखांत हमखास मिळतो. उपाय चांगला होता, पण डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' ही सुरक्षेतली फट उघड झाल्यावर इंटेल आणि लॅपटॉप कंपन्यांनी अनेक मशीनवर हा मार्गच कुलूपबंद केला. तुमच्याकडे तो पर्याय करडा दिसत असेल तर मागे लागू नका.

बायोसचं अपडेट मात्र बघाच. पंखा कधी फिरवायचा आणि किती वीज सोडायची हे बायोस ठरवतो, म्हणून दोष कधीकधी लोखंडात नसतोच. जुलै २०१८ मध्ये नव्या मॅकबुक प्रोचा वेग भाराखाली नको तितका पडतो असं दिसलं, तेव्हा ॲपलने फर्मवेअरमधली चूक मान्य करून सॉफ्टवेअरनेच ती दुरुस्त केली. अपडेटआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं. अपडेट झाल्यावर तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा करा आणि नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा.

कंपनीला लिहिताना

एवढं करून आकडे सुधारले नाहीत, तर आता कंपनी. सपोर्टच्या पहिल्या फळीतल्या माणसासमोर ठरलेली प्रश्नावली असते : ड्रायव्हर अपडेट केले का, बायोस अपडेट केला का, फॅक्टरी रिसेट केलं का. ती संपवल्याशिवाय त्याला तुमची तक्रार वर पाठवताच येत नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, तोही अडकलेलाच असतो. उत्तरं आधीच देऊन टाका. मी सहसा असं लिहितो :

'मॉडेल अमुक, सिरीयल नंबर अमुक, खरेदीची तारीख अमुक, बिल सोबत जोडलं आहे. भाराखाली मशीनचा वेग प्रोसेसरच्या जाहीर बेस क्लॉकच्या खाली जातो. चाचणी : सिनेबेंच आर-२३, दहा मिनिटं, चार्जरवर, टेबलावर, खोलीचं तापमान २७ अंश, पॉवर मोड कंपनीचा मूळ. निकाल : दोन मिनिटांनंतर तापमान ९८ अंशांवर स्थिर, वीज १४ वॉट, वेग १.१ गिगाहर्ट्झ, या प्रोसेसरचा बेस क्लॉक १.८ गिगाहर्ट्झ आहे. थर्मल थ्रॉटलिंग सतत चालू. नोंदींची फाइल आणि इव्हेंट ३७ चे स्क्रीनशॉट जोडले आहेत. बायोस आणि ड्रायव्हर अमुक तारखेला अद्ययावत केले, फॅक्टरी रिसेट अमुक तारखेला केलं, निकाल तोच. थर्मल मॉड्यूल आणि पंखा तपासून बदलावा ही विनंती. कृपया तक्रार क्रमांक कळवा.'

आकडे अर्थातच तुमचे घाला. या पत्रात 'तापतो' हा शब्द नाही, हे लक्षात आलं असेल. मनस्ताप, पुन्हा तुमचं काही घेणार नाही, कोर्टात खेचीन, हेही नाही. ते लिहिलं की उत्तर देणाऱ्याला दिलगिरीचा तयार मजकूर चिकटवायची सोय होते आणि आकड्यांना बगल मिळते.

तरीही 'मर्यादेत आहे' आलंच, तर दोन प्रश्न लेखी विचारा : या मॉडेलने अशा भाराखाली सलग किती वेग टिकवायला हवा? आणि तुमची तपासणी कोणत्या भाराखाली, किती मिनिटं केली जाते? पहिल्या फळीकडे याचं उत्तर नसतं, म्हणून तक्रार वर सरकते. फोनवर काही कबूल केलं गेलं तर त्याच दिवशी 'आपल्या बोलण्यानुसार' अशी सुरुवात करून ईमेल टाका. चॅट संपण्यापूर्वी त्याची प्रत काढा, खिडकी बंद केली की ती गेली. दर वेळी नवी तक्रार उघडू नका, कारण मग घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्यांनी तक्रार परस्पर बंद केली असेल तर नव्या पत्राच्या पहिल्याच ओळीत जुना क्रमांक टाका.

राग समाजमाध्यमांवर काढण्याचा मोह होतो, आणि कधीकधी त्याने हालचालही होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण सिरीयल नंबर, बिल, फोन नंबर उघड्यावर टाकू नका. तुमच्या तक्रारीखाली मिनिटाभरात 'आम्ही मदत करू' म्हणत येणारी खाती अनेकदा भामट्यांची असतात. शोधयंत्रावर मिळालेला सपोर्ट नंबरही तसाच असू शकतो. नंबर फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यातल्या कागदावरून घ्या, आणि कोणी स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप उतरवून घ्यायला लावलं, पैसे किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या.

मशीन देताना आणि परत घेताना

देण्याआधी सगळ्या डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. सर्व्हिस सेंटरने डिस्क पुसली तर त्याची जबाबदारी ते घेत नाहीत, पावतीवर बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलला तर तिच्याशिवाय स्वतःच्याच फाइली उघडणार नाहीत. शक्य असेल तर एक वेगळं पाहुणं खातं बनवून त्याचाच पासवर्ड द्या. मशीनचे चारही बाजूंनी फोटो काढा. पावतीवर दोषाच्या रकान्यात 'हीटिंग इश्यू' एवढंच लिहिलं असेल तर ते खोडून 'भाराखाली वेग बेस क्लॉकखाली जातो, चाचणी जोडली आहे' असं लिहून घ्या. तंत्रज्ञ त्या रकान्यातलंच वाचतो.

तंत्रज्ञ घरी येणार असेल तर काम अधिक सोपं. तो आल्यावर चाचणी त्याच्या डोळ्यांदेखत चालवा, आणि भाग बदलून झाल्यावर तो जाण्यापूर्वी पुन्हा चालवा. फक्त पंखा बदलतोय की पट्टीसकट अख्खं थर्मल मॉड्यूल, हे विचारा. संपर्क बिघडलेला असेल तर नुसत्या नव्या पंख्याने काही होत नाही.

परत आलेल्या मशीनसोबतचा कागद नीट वाचा. 'दोष आढळला नाही' हे वाक्य फार वेळा भेटतं. याचा अर्थ बहुतेकदा मशीन सुरू करून पाच मिनिटं डेस्कटॉपकडे पाहिलं एवढाच असतो. त्याच दिवशी, तशीच खोली, तेच टेबल, तीच दहा मिनिटांची चाचणी करा. आकडे तेच असतील तर जुन्या क्रमांकाखालीच लिहा : आधीची फाइल, नंतरची फाइल, आणि कोणता भाग बदलला हा प्रश्न. दुरुस्तीवरही स्वतंत्र हमी असते, ती किती दिवसांची ते त्याच कागदावर छापलेलं असतं. वॉरंटी काठावर असेल तर हा आकडा सगळ्यांत मोलाचा. तोच दोष दुरुस्तीनंतर पुन्हा पुन्हा येत राहिला तर बदली मशीनची किंवा पैसे परतीची मागणी लेखी करा, आणि ती निर्मात्याइतकीच विक्रेत्याकडेही पाठवा. अनेक देशांच्या ग्राहक कायद्यांत सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्यावरही येते, आणि दोघांना एकच पत्र गेलं की एकमेकांकडे बोट दाखवणं त्यांना तेवढं सोपं राहत नाही.